पट्टाया-बँकॉकच्या बारमधल्या बायकांशी मैत्री करणारे मिशनरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी, ख्रिस्ती मंडळीतली, आणि बरीच वर्षं थायलंडमध्ये याच कामात आहे, म्हणजे बारमधून देहविक्री करणाऱ्या बायकांशी मैत्री करायच्या. तरुण संघातली मुलं, कॉलेजच्या मैत्रिणी, पट्टायाची टूर करून आलेले काका-मामा, सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवतेय. एकदा लिहिलेलं परत लिहीत नाही, त्या प्रश्नाचा नंबर देईन, तिथं जाऊन वाचा.

१. मिशनरी बारमध्ये जाऊन नक्की करतात तरी काय?

गप्पा मारतात. खरंच, पहिले कित्येक महिने तेवढंच. दोघी-तिघी मिळून जायचं, त्यातल्या एकीला तरी थाय नीट यायलाच हवं, बसायचं, आपल्यासाठी सोडा नाहीतर कोक मागवायचा, तिथं काम करणाऱ्या बाईला एक ड्रिंक घेऊन द्यायचं आणि घरचं काय, मुलं किती, गाव कुठलं असं बोलत बसायचं. पुढच्या आठवड्यात परत त्याच बारमध्ये, त्याच बाईकडे. ओळख वाढली की मग दिवसा भेटणं सुरू होतं. कुणाला डॉक्टरकडे सोबत हवी असते, कुणाला इंग्लिश शिकायचं असतं, कुणाला नुसतं बसून रडायचं असतं.

बँकॉकच्या पॅटपाँग गल्लीत राहाब नावाचं काम १९८९ साली न्यूझीलंडच्या पॅट्रिशिया ग्रीन यांनी सुरू केलं, तिथं बायकांना केस-मेकअप करून घ्यायला सलून असायचं, म्हणजे कामावर जाण्याआधी त्या तिथं येऊन टेकायच्या. पट्टायात तामार सेंटर आहे. बँकॉकच्या नाना भागात २००५ पासून नाइटलाइट आहे, ते अ‍ॅनी डीझलबर्ग आणि त्यांच्या नवऱ्याने सुरू केलं. राहाब आणि तामार ही दोन्ही नावं बायबलमधल्या बायकांची, आणि दोघींनाही लोकांनी वेश्या म्हटलेलं. मत्तयाने येशूची वंशावळ दिलीय त्यात मात्र दोघी मानाने आहेत.

२. पण थायलंडच का?

कारण तिथला हा धंदा आपोआप उगवलेला नाही, तो उभा केला गेला. १९६७ साली अमेरिका आणि थायलंडमध्ये करार झाला, व्हिएतनामला लढणाऱ्या सैनिकांना सुट्टीत आराम करायला थायलंडला पाठवायचं. पट्टाया तेव्हा मच्छीमारांचं गाव, जवळच ऊ-तापाओचा विमानतळ जिथून अमेरिकेची बी-५२ बॉम्बर विमानं उडायची. सैनिकांसाठी बार निघाले. १९७५ला युद्ध संपलं, सैनिक गेले, बार राहिले आणि त्यात टुरिस्ट आले. बँकॉकची सोई काउबॉय ही गल्ली तर एका निवृत्त अमेरिकन सैनिकाच्या टोपणनावावरून ओळखली जाते, त्याने १९७७मध्ये तिथं बार टाकला होता.

आणि आता त्यात आपणही आहोत. २०२४मध्ये भारतातून वीस लाखांच्या वर लोक थायलंडला गेले. पट्टायाच्या वॉकिंग स्ट्रीटवर हिंदी गाणी लावणारे डिस्को आहेत, पाटी बघून कळतं गिऱ्हाईक कुठलं अपेक्षित आहे ते. तेव्हा हा गोऱ्यांचा प्रश्न आहे असं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत.

३. या बायकांना जबरदस्तीने आणलेलं असतं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सरळ हो म्हणावं अशी लोकांची अपेक्षा असते. पण बहुतेक थाय बायकांच्या बाबतीत कुणी पकडून आणलेलं नसतं. त्या इसानहून येतात, म्हणजे ईशान्य थायलंड, उदोन थानी, बुरीराम, सुरिन, रोई एत हा सगळा पट्टा. भातशेती, पाऊस झाला तर पीक, नाहीतर कर्ज. तिथली भाषा, जेवण बरंचसं लाओसकडचं, चिकट भात आणि सोमताम, म्हणजे कच्च्या पपईची चटकदार सॅलड. विशी-पंचविशीतली बाई, नवरा सोडून गेलेला, मूल आजीकडे ठेवलेलं, कारखान्यात जेवढं मिळतं त्यात घर चालत नाही, आणि गावातली एक ताई पट्टायाला जाऊन आलीय जिने आईला सिमेंटचं घर बांधून दिलंय. अशी ती येते.

त्यात मुलीचं कर्तव्य हा फार मोठा भाग आहे. थाय घरात मुलगा काही काळ भिक्खू झाला की आईबापांना पुण्य लागतं असं मानतात. मुलीला तो मार्ग नाही, मग मुलगी आईबापांचे उपकार पैसे पाठवून फेडते. ती स्वतःकडे चांगली मुलगी म्हणूनच बघत असते. हे ज्याला कळत नाही त्याने तिच्याशी पाप-पुण्याच्या गोष्टी करायला जाऊच नये असं माझं ठाम मत आहे.

फसवून आणलेल्या बायका नसतात असं मी म्हणत नाहीये. आफ्रिकेतून, मध्य आशियातून कामाच्या नावाखाली आणलेल्या, पासपोर्ट काढून घेतलेला, डोक्यावर भलंमोठं कर्ज लादलेलं, अशा बायका बँकॉकला आहेत. अल्पवयीन मुलींचं वेगळं, त्यासाठी प्रश्न ९ बघा.

४. बार फाइन, लेडी ड्रिंक म्हणजे काय असतं?

लेडी ड्रिंक म्हणजे गिऱ्हाइकाने तिच्यासाठी घेतलेलं ड्रिंक, ते नेहमीपेक्षा महाग असतं आणि त्यातला वाटा तिला मिळतो. बार फाइन म्हणजे तिला बाहेर घेऊन जायचं तर गिऱ्हाईक बारला जे पैसे भरतं ते. पुढचं दोघांनी आपापसात ठरवायचं. बऱ्याच बारमध्ये महिन्याला इतकी ड्रिंक झालीच पाहिजेत असा कोटा असतो, नाही झाला की पगार कापतात, उशीर झाला कापतात, वजन वाढलं तरी कापतात. म्हणून आपण तिचा अर्धा तास घेतला तर ड्रिंक घेऊनच द्यायचं, फुकट बोलत बसलो तर तिचं नुकसान होतं आणि मामासान, म्हणजे बायकांवर देखरेख करणारी, ती तिला ओरडते.

५. एका संध्याकाळी काय काय होतं ते सांगा ना.

आम्ही लवकर जातो, सात-साडेसातला, गिऱ्हाइकं यायच्या आत. तेव्हा बार अजून घरासारखा असतो. कोणी आरशात बघून पापण्या चिकटवतंय, कोणी चिकट भाताची पिशवी सोडून जेवतंय, मामासान कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात उदबत्ती लावते आणि लाल फँटाची बाटली स्ट्रॉ टाकून ठेवते. बिअर बार असेल तर काउंटरवर कनेक्ट फोर हा खेळ पडलेला असतो, उभ्या जाळीत सोंगट्या टाकायच्या आणि चार एका ओळीत आणायच्या. या बायका त्यात भयंकर तरबेज, वर्षानुवर्षं रोज रात्री खेळतात. नवीन आलेल्या मिशनरी मुलीला भाषा येत नसली तरी हा खेळ येतो, हरायचं, हसायचं, परत खेळायचं. माझ्या मते ओळख करून घ्यायला यापेक्षा सोपं काही नाही, कारण तिथं ती जिंकते आणि तुम्ही हरता.

आपल्यापुढे एक छोटा पेला ठेवलेला असतो, त्यात बिलाच्या चिठ्ठ्या गुंडाळून टाकत जातात. छताला घंटा टांगलेली असते तिला चुकूनही हात लावू नका, वाजवली की अख्ख्या बारला ड्रिंक तुमच्याकडून. वयाने मोठी असेल तिला 'पी' म्हणायचं, आपल्या ताईसारखं, लहान असेल तर 'नाँग'. गिऱ्हाईक आलं आणि तिची नजर तिकडे गेली की आपण उठायचं, तिला अवघड होईल असं बसून राहायचं नाही. बाहेर पडल्यावर गल्लीच्या टोकाला उभं राहून प्रार्थना करतो, तिचं नाव घेऊन.

६. ख्रिस्ती माणसाने बारमध्ये बसणं चालतं का? आमचे पास्टर नको म्हणतात.

पास्टरांची काळजी मला कळते, त्यांच्यावर मंडळीतल्या मुलांची जबाबदारी असते. पण योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीवर एका शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत अशा समाजातल्या बाईशी एकटा बोलत बसलेला दिसतो, पाच नवरे झालेली, आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नाही, आणि शिष्य परत येऊन चकित होतात. त्याने आधी तिच्याकडे पाणी मागितलं. स्वतः काहीतरी मागून सुरुवात केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

व्यवहाराचं बोलायचं तर नियम कडक असतात. एकटं जायचं नाही, दारू नाही, ज्याला दारूची सवय होती त्याने हे काम घ्यायचं नाही, आणि घरी बसून प्रार्थना करणारा एक गट त्याच वेळी जागा असतो.

७. पुरुष जाऊ शकतात का?

बारमध्ये मैत्री करायला नाही. पुरुष आत आला की तो गिऱ्हाईक असतो, त्याच्या मनात काही का असेना, आणि ती त्याच्याशी तशीच वागणार कारण तो तिच्या कामाचा भाग आहे. पुरुष हिशेब बघतात, गाडी चालवतात, मुलांना शिकवतात, आणि काही जण बाहेर फुटपाथवर गिऱ्हाइकांशी बोलतात. हे शेवटचं काम फार कमी लोक करतात आणि ते वाढायला हवं. पॅटपाँगमध्ये पुरुष आणि ट्रान्सजेंडर सेक्सवर्कर्सचंही मोठं जग आहे, त्यांच्यासाठी २००४ पासून स्विंग नावाची थाय संस्था काम करते, ती ख्रिस्ती नाही.

८. शेवटी धर्मांतरच करायचंय ना? मैत्री हा बहाणा आहे.

मी ख्रिस्ती आहे, माझा विश्वास मला जीवापेक्षा प्रिय आहे आणि माझ्या मैत्रिणीला तो मिळावा असं मला वाटतं. ते लपवलं तर ती फसवणूक होईल, म्हणून पहिल्या भेटीतच आपण कोण ते सांगायचं. तिने विचारलं तर येशूबद्दल बोलायचं, नाही विचारलं तर नाही.

पण अट घालायची नाही, हे माझ्यासाठी दगडावरची रेघ आहे. बाप्तिस्मा घेतला तर नोकरी, उपासनेला आली तर औषधाचे पैसे, हे मैत्रीच्या नावाखाली सौदा करणं झालं. आणि सौदे तिला रोज रात्री भेटतातच. काही ठिकाणी शिवणकाम नाहीतर दागिने बनवायच्या कामाआधी रोज सकाळी प्रार्थना असते आणि तिथं बसणं कामाच्या वेळेत धरलेलं असतं. ज्याच्याकडून पगार घेतो त्याच्या प्रार्थनेला नाही कसं म्हणणार कोणी? मला वाटतं हे स्वेच्छेचं असायला हवं, आणि नाही आलेल्या बाईचा एक बाहतही (तिकडचं चलन) कापला जाता कामा नये.

आकड्यांचं म्हणाल तर पहिले प्रोटेस्टंट मिशनरी बँकॉकला १८२८ साली पोचले, आणि आजही देशात ख्रिस्ती लोक साधारण एक टक्क्याच्या आसपास आहेत. ज्याला पटापट आकडे दाखवायचेत त्याने या देशात येऊ नये.

९. पोलिसांना घेऊन धाड टाकून सोडवत का नाही?

कारण जी स्वतः आलीय तिला सोडवायचं कशातून? धाड पडली की तिला दंड होतो, रात्र चौकीत जाते, कमाई बुडते, शेजारच्या देशातून आलेली असेल तर हद्दपार होते, आणि बार चार दिवसांनी परत उघडतो. शिवाय ज्या परक्या बाईवर तिने विश्वास ठेवला तिनेच पोलीस आणले हे कळलं की त्या गल्लीत परत कोणी तोंड उघडत नाही.

याला अपवाद आहे आणि तो पक्का आहे : मुलगी १८च्या आतली वाटली, किंवा बाईला कोंडून ठेवलंय, कागद काढून घेतलेत असं कळलं. तेव्हा गप्प बसायचं नाही, पण स्वतः हिरोगिरीही करायची नाही. थायलंडची सरकारी मदत लाइन १३००, टुरिस्ट पोलीस ११५५. जागा, वेळ, काय बघितलं तेवढं सांगायचं, मुलीला प्रश्न विचारून उलटतपासणी करायची नाही, फोटो काढायचा नाही. पुढचं काम शिकलेल्या लोकांचं.

१०. तिकडे हे सगळं कायदेशीर आहे ना?

नाही, बऱ्याच लोकांचा हा गैरसमज असतो. १९९६चा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली बाईला दंड होतो आणि धंदा चालवणाऱ्याला तुरुंगवास. बारला मात्र १९६६च्या मनोरंजन स्थळांच्या कायद्याखाली परवाना मिळतो आणि कागदावर ती नाचणारी किंवा वेट्रेस असते. बाहेर काय होतं त्याच्याशी बारचा संबंध नाही, म्हणून ते बार फाइन. या मधल्या फटीत बाईचंच मरण, कारण गिऱ्हाइकाने मारलं तरी ती तक्रार करायला घाबरते. कायदा बदलायच्या चर्चा तिकडे चालू आहेत.

११. स्वतः सेक्सवर्कर्सच अशा संस्थांवर टीका करतात असं वाचलं. खरं का?

खरं आहे, आणि ती टीका वाचलीच पाहिजे. एम्पॉवर ही संस्था १९८५ साली चांतविपा अपिसुक यांनी पॅटपाँगमध्येच सुरू केली, बारमधल्या बायकांना इंग्लिश शिकवण्यापासून. २००६मध्ये त्यांनी चियांग मायला बायकांचा स्वतःचा बार काढला, जिथं सुट्टी मिळते, आजारपणाची रजा मिळते, पगार कापत नाहीत. २०१२मध्ये त्यांनी धाडींवर अहवाल काढला, सोडवण्याच्या नावाखाली बायकांचं काय काय होतं ते. त्यांचं म्हणणं असं की आम्हाला शिलाई मशीन नको, कामाचे हक्क द्या.

आपल्याकडेही हेच घडलंय. सांगलीची संग्राम संस्था आणि वॅम्प ही बायकांची संघटना वर्षानुवर्षं हेच सांगतेय, आणि अमेरिकेने मदतीबरोबर वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याची लेखी अट घातली तेव्हा २००५मध्ये संग्रामने ते पैसे परत केले.

मी त्यांच्या प्रत्येक मताशी सहमत नाही. हे काम म्हणजे इतर कुठल्याही कामासारखं काम, असं मला वाटत नाही, मी फार जणींना पहाटे बघितलंय. पण धाडी, जबरदस्ती आणि कीव या तिन्हींबद्दल त्या जे म्हणतात त्यातलं अक्षरही खोटं नाही.

१२. बार सोडला तर खाणार काय?

इथं सगळी गाडी अडते. नाइटलाइट दागिने बनवून घेतं, तामारकडे बेकिंग आणि केस कापण्याचं शिक्षण होतं, बाकी ठिकाणी शिवण, कार्ड बनवणं. पगार ठरलेला असतो, पण बारमधल्या चांगल्या महिन्यापेक्षा बराच कमी, आणि आईचं कर्ज तेवढंच असतं. म्हणून नुसता पगार पुरत नाही, मुलांची फी, कर्जाचा हिशेब, राहायला खोली, हे सगळं बघावं लागतं. दुसरी अडचण म्हणजे चर्चमध्ये विकली जाणारी बांगडी दयेपोटी घेतलेली असते, दया आटली की ऑर्डर आटते. जे शिक्षण बाजारात चालतं तेच द्यावं, इंग्लिश, हिशेब, केस कापणं, स्वयंपाक.

१३. सोडून गेलेली परत बारमध्ये आली तर?

तर तुम्ही पण परत बारमध्ये जायचं, कनेक्ट फोर खेळायला. खूप जणी परत येतात, भात बुडतो, बाप आजारी पडतो, मुलगा मोटरसायकल मागतो. तिला आधीच लाज वाटत असते. ‘का आलीस’ हा प्रश्न विचारायचा नाही, ‘जेवलीस का’ विचारायचं, थाय लोकांतही आपल्यासारखंच हे विचारतात.

१४. तिने पैसे मागितले तर द्यायचे का?

हातात रोख नाही. दवाखान्याचं बिल दवाखान्यात, शाळेची फी शाळेत, आणि एकटीने ठरवायचं नाही, टीमला विचारायचं. नाही म्हणायची वेळ आली तर स्वच्छ नाही म्हणा आणि पुढच्या आठवड्यात नेहमीसारखं जा. कर्जाबद्दल प्रश्न १२मध्ये लिहिलंय.

१५. ती ख्रिस्ती झाली आणि घरच्यांनी बोलणं टाकलं तर?

हा अवघड आहे. बाप वारला तर देवळात भिक्खूंना बोलवून पुण्यकर्म करायचं असतं, तिने त्यात उभं राहायचं की नाही? काही थाय मंडळ्या सरळ नाही म्हणतात. मला स्वतःला वाटतं तिने जावं, बसावं, आईचा हात धरावा, स्वयंपाकात मदत करावी, आणि जे तिच्या मनाला पटत नाही तेवढंच करू नये, आणि कुठे थांबायचं ते तिचं तिने ठरवावं, परदेशी मिशनरीने नाही, कारण आपण विमानाने घरी जाणार आणि ती त्याच गावात राहणार. ज्या जणी ख्रिस्ती झाल्यावरही दर महिन्याला आईला पैसे पाठवत राहिल्या आणि सोंगक्रानला, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाला, घरी जाऊन आईच्या हातावर पाणी घालत राहिल्या त्यांचं घराशी नातं बहुतेक टिकलं.

१६. तिचे फोटो आणि साक्ष, म्हणजे तिच्याच तोंडची तिची गोष्ट, चर्चमध्ये दाखवू का? लोकांना प्रेरणा मिळते.

नको. चेहरा नको, पाठमोरा पण नको, बारचं नाव नको. तिच्या गावाला ती हॉटेलात काम करते एवढंच माहीत असतं. तिने स्वतः साक्ष द्यायची म्हटली तरी थांबा, काही वर्षं जाऊ द्या, कारण आज उत्साहात दिलेला व्हिडिओ उद्या तिचा मुलगा बघेल.

१७. आपल्याकडे काम नाही का, परदेशात कशाला?

आहे आणि करायलाच हवं. २००५मध्ये महाराष्ट्राने डान्सबार बंद केले, हजारो बायका एका रात्रीत रस्त्यावर आल्या, त्यातल्या कितीतरी पुढे दुबई-बहरीनच्या बारमध्ये गेल्या. २०१३मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी चूक ठरवली तेव्हा मधली आठ वर्षं गेलेली होती. त्या आठ वर्षांत त्यांच्या दारात किती मंडळ्या गेल्या, हे आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी एकमेकांना विचारायला हवं.

आणि हे काम आपल्याला परकं नाहीच. पंडिता रमाबाई १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा तिथल्या ख्रिस्ती सिस्टर्सनी (जोगिणींनी) त्यांना लंडनच्या फुलममध्ये बायकांसाठी चाललेलं घर दाखवलं. समाजाने टाकलेल्या बायकांशी तिथं मायेने वागतात हे बघून त्यांनी विचारलं, हे का करता? तेव्हा एका सिस्टरने त्यांना तीच शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली (प्रश्न ६). त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं.

१८. मला दोन आठवडे यायचंय, चालेल का?

बघायला, शिकायला, प्रार्थना करायला या. बारमध्ये मैत्री करायला दोन आठवड्यांसाठी नको, तिच्या आयुष्यात येऊन निघून जाणारे खूप असतात. वर्षभर तरी काढायची तयारी असेल तर आधी थाय शिका, जमलं तर इसानची बोली कानावर पडू द्या. आणि टुरिस्ट व्हिसावर सेवा करता येत नाही, तिकडे बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागतं, म्हणून नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच या आणि व्हिसाचं लेखी विचारून घ्या, तिकीट काढायच्या आधी.